जोड-एपिसोड मीडिया सर्व्हरमध्ये नीट कसे लावायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या मीडिया सर्व्हरवर, म्हणजे आपल्याकडचे व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, जुन्या मालिका चढवल्या आहेत. एका मालिकेचा पहिला एपिसोड दीड तासाची एकच फाइल आहे, पण लायब्ररीत त्याच्या जागी दोन नोंदी आहेत, आणि त्यामुळे पुढचे सगळे एपिसोड एकेक घर सरकले आहेत. नाव एकाचं, गोष्ट दुसऱ्याची, सबटायटल तिसऱ्याचं. दुसऱ्या मालिकेत उलटा प्रकार: एकच एपिसोड दोन फाइलींत तुटलेला. आणि मुलांच्या कार्टूनमध्ये प्रत्येक फाइलमध्ये दोन-दोन गोष्टी. विचारणाऱ्याला एकच नियम हवा आहे: सगळं जोडून टाकायचं की सगळं तोडून टाकायचं?

नियम एकच आहे, पण तो जोडण्या-तोडण्याचा नाही. सर्व्हर तुमची फाइल उघडून गोष्ट बघत नाही. तो फाइलचं नाव वाचतो, त्यातला सीझन आणि एपिसोडचा क्रमांक उचलतो आणि तो क्रमांक घेऊन डेटाबेसकडे, म्हणजे मालिकांची माहिती साठवणाऱ्या द टीव्हीडीबी किंवा टीएमडीबीसारख्या संकेतस्थळाकडे जातो. तिथे त्या क्रमांकापुढे जे नाव, जो सारांश, जे चित्र असेल ते आणून तुमच्या फाइलला चिकटवतो. म्हणून फाइलच्या नावात तोच क्रमांक हवा जो डेटाबेसमध्ये आहे. तुमच्या डिस्कवर काय छापलंय, मालिका प्रत्यक्षात कशी दाखवली गेली, तुमच्या मते ती एक गोष्ट आहे की दोन, याला इथे काही किंमत नाही. फाइलमध्ये डेटाबेसचे दोन क्रमांक असतील तर नावात दोन्ही लिहायचे. एवढं पाळलं तर बहुतेक वेळा फाइलला हातही लावावा लागत नाही, नुसतं नाव बदलून भागतं.

पुढे मी फाइलींची नावं देवनागरीत लिहिणार आहे, पण प्रत्यक्ष फाइलमध्ये एस (सीझन) आणि ई (एपिसोड) ही अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजीच ठेवा. सर्व्हरचा नाव वाचणारा भाग तेच ओळखतो.

आता 'दोन भागांचा एपिसोड' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या भानगडी येतात, आणि गोंधळ होतो तो त्या चारही एकच समजल्यामुळे. पहिली: डेटाबेसमध्ये दोन एपिसोड, तुमच्याकडे एक फाइल. दुसरी: डेटाबेसमध्ये एक एपिसोड, तुमच्याकडे दोन तुकडे. तिसरी: गोष्ट एक, पण एपिसोड खरोखरच दोन, आणि फाइलीही दोन. चौथी: एका फाइलमध्ये दोन छोट्या गोष्टी, ज्यांना डेटाबेस कधी एक धरतो, कधी दोन.

तिसरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे काहीच करायचं नसतं आणि लोक तिथेच सर्वात जास्त नुकसान करून घेतात. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मधली 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' ही दोन भागांची कथा घ्या. पहिला भाग जून १९९० मध्ये तिसऱ्या सीझनचा शेवट म्हणून दाखवला गेला आणि दुसरा सप्टेंबर १९९० मध्ये चौथ्या सीझनची सुरुवात म्हणून. कथा एक आहे म्हणून या दोन फाइली जोडल्या, तर जोडलेली फाइल कुठल्या सीझनच्या फोल्डरमध्ये ठेवणार? तिला एस०३ई२६ म्हटलं तर चौथ्या सीझनचा पहिला एपिसोड गायब दिसतो, एस०४ई०१ म्हटलं तर तिसऱ्याचा शेवटचा. एका नावात दोन सीझन बसवायची सोय या सर्व्हरांत नाही. 'पुढील भागात' असं म्हणून थांबलेला एपिसोड हा पूर्ण एपिसोडच असतो. त्याला त्याचा क्रमांक द्या आणि पुढे व्हा. एकामागोमाग बघायचे असतील तर सर्व्हर पुढचा एपिसोड आपोआप लावतोच.

आता पहिली भानगड, म्हणजे मुख्य प्रश्न. त्याच मालिकेचं उदाहरण चालवतो, कारण तिथे हा घोळ आकड्यात दिसतो. तिचा पहिलाच एपिसोड 'एन्काउंटर ॲट फारपॉइंट' १९८७ मध्ये दोन तासांच्या वेळेत एकसंध दाखवला गेला आणि शेवटचा 'ऑल गुड थिंग्ज' १९९४ मध्ये तसाच. नंतर पुनःप्रक्षेपणासाठी दोन्ही अर्धे अर्धे केले गेले. म्हणून या मालिकेचे एपिसोड किती, याला दोन उत्तरं आहेत: मूळ प्रक्षेपण मोजलं तर १७६, तुकडे मोजले तर १७८. दोन्ही बरोबर. तुमच्या फाइली १७६ च्या हिशोबाने आणि डेटाबेस १७८ च्या हिशोबाने असेल, तर पहिल्या सीझनमध्ये दुसऱ्या फाइलपासून सगळं एक घर सरकणार, आणि ते शेवटपर्यंत सरकलेलंच राहणार.

अशा वेळी मी काय करतो ते सांगतो. नावाला हात लावण्याआधी सीझनचं फोल्डर उघडून प्रत्येक फाइलची लांबी बघतो. फाइल मॅनेजरमध्ये लांबीचा रकाना लावता येतो, किंवा फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारा मीडियाइन्फो हा प्रोग्राम वापरा. समजा फोल्डरमध्ये २५ फाइली आहेत, पहिली साधारण ९० मिनिटांची आणि बाकीच्या ४५ च्या आसपास. डेटाबेसच्या पानावर त्या सीझनमध्ये २६ नोंदी आहेत. एकाचा फरक आणि एकच दुप्पट लांबीची फाइल, म्हणजे फरक कुठे आहे ते सापडलं. पहिल्या फाइलला 'मालिकेचं नाव - एस०१ई०१-ई०२' असं नाव द्यायचं, दुसऱ्या फाइलला एस०१ई०३, तिसरीला एस०१ई०४, असं करत शेवटची फाइल एस०१ई२६ वर यायला हवी. शेवट जुळला की मधली एखादी फाइल उघडून तिच्यात सुरुवातीला येणारं नाव डेटाबेसच्या नावाशी ताडून बघतो. शेवट जुळूनही मध्ये दोन एपिसोडांची अदलाबदल झालेली असू शकते, म्हणून ही दुसरी तपासणी टाळू नका.

शेवट जुळला नाही, तर बहुधा अजून एक दुप्पट फाइल कुठेतरी आहे किंवा एखादा एपिसोड तुमच्याकडे नाहीच. लांबीचा रकाना पुन्हा बघा. फाइलींची संख्या आणि नोंदींची संख्या जुळेपर्यंत सामूहिक नामांतर करणारं कुठलंही साधन चालवू नका. फाइलबॉटसारखी साधनं चांगली आहेत, मी रोज वापरतो, पण नुसत्या क्रमाने जुळवायला सांगितलं तर ती चुकीचा क्रमही तितक्याच तत्परतेने सगळ्या फाइलींना लावतात.

दोन क्रमांकांची फाइल पडद्यावर कशी दिसेल, हे तुम्ही प्लेक्स, जेलीफिन की कोडी यांपैकी कुठलं मीडिया सॉफ्टवेअर वापरता यावर अवलंबून आहे. प्लेक्समध्ये दोन स्वतंत्र नोंदी दिसतात, आणि कुठलीही दाबली तरी पूर्ण फाइल सुरुवातीपासून चालते. जेलीफिनमध्ये एकच नोंद दिसते आणि तिच्यावर दोन्ही क्रमांक असतात. कोडीमध्ये दोन नोंदी दिसतात, पण तिथे एपिसोडची खूण ठेवायची सोय आहे: फाइल चालू असताना दुसरा एपिसोड जिथे सुरू होतो तिथे थांबायचं, बुकमार्कच्या खिडकीतून एपिसोडची खूण करायची, मग दुसरी नोंद दाबली की तिथूनच सुरू होतं. प्लेक्समधल्या दोन नोंदी अनेकांना खटकतात. तेवढ्यासाठी फाइल तोडायला धावू नका. बघणाऱ्याला पहिली नोंद दाबायची सवय एकदा लागली की विषय संपतो. फाइलमध्ये दुसऱ्या एपिसोडच्या सुरुवातीला एक चॅप्टर (फाइलच्या आतली जागेची खूण) टाकून ठेवला तर थेट तिथे उडी मारता येते, ते मात्र जरूर करा.

एक बारीक गोष्ट. एस०१ई०१-ई०३ याचा अर्थ प्लेक्स आणि जेलीफिन दोघेही 'एक ते तीन' असा घेतात, 'एक आणि तीन' असा नाही. हे कार्टूनच्या वेळी महत्त्वाचं ठरतं.

फाइल तोडावी का? तोडण्याचं एकच पटणारं कारण मला दिसतं: दोन एपिसोड खरोखर स्वतंत्र आहेत, मध्ये स्वतःची नामावली आहे, आणि घरातल्यांना ते वेगवेगळ्या दिवशी बघायचे आहेत. तसं असेल तर एमकेव्हीटूलनिक्स हे व्हिडिओ फाइली तोडण्या-जोडण्याचं साधन वापरा. त्यात आउटपुटच्या टॅबमध्ये विशिष्ट वेळेला किंवा विशिष्ट चॅप्टरच्या आधी तोडायचे पर्याय आहेत. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे नव्याने आकुंचित करून लिहिलं जात नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम मिनिटभरात होतं. त्याची मर्यादा एवढीच की पुन्हा एन्कोड न करता फाइल फक्त कीफ्रेमवरच, म्हणजे ज्या चौकटीत पूर्ण चित्र साठवलेलं असतं तिथेच, तुटते. तुम्ही सांगितलेल्या सेकंदाऐवजी काही सेकंद इकडेतिकडे होऊ शकतं. मध्ये काळा पडदा असेल तर सहसा तिथेच कीफ्रेम मिळते, म्हणून वेळ निवडताना काळ्या पडद्याजवळची निवडा आणि तोडल्यावर दोन्ही तुकड्यांची टोकं बघून घ्या. पण जो एपिसोड मुळात एकसंध बनवलेला आहे तो मी तोडत नाही. मधोमध कापलेल्या दृश्यापेक्षा यादीतली एक जादा नोंद केव्हाही बरी.

उलट दिशेचा मोहही होतो. दोन अर्ध्यांच्या फाइली आहेत, मूळ प्रक्षेपण एकसंध होतं, मग जोडून मूळ रूप परत मिळवावं का? सहसा मिळत नाही. अर्धे करताना मध्ये नामावली घातलेली असते, दुसऱ्याच्या सुरुवातीला आधीच्या कथेची उजळणी असते, आणि वेळेत बसवायला काही दृश्यं छाटलेली असू शकतात. जोडलेल्या फाइलमध्ये हे सगळं मधोमध येतं. डेटाबेस दोन म्हणतो, तुमच्याकडे दोन आहेत. यापेक्षा सोयीची स्थिती नाही. तसंच राहू द्या.

दुसरी भानगड, म्हणजे एक एपिसोड दोन तुकड्यांत, ही बहुतेक जुन्या सीडीच्या काळातली देणगी आहे. सीडीवर जागा पुरत नसे म्हणून फाइल दोन ठिकाणी केलेली असे. इथे दोन्ही तुकड्यांना नुसतं एस०२ई०५ असं एकच नाव दिलं, तर प्लेक्स त्यांना एकाच एपिसोडच्या दोन आवृत्त्या समजतो, जशी एक कमी दर्जाची आणि एक जास्त दर्जाची. मग बघणाऱ्यासमोर 'कुठली आवृत्ती चालवू' असा प्रश्न येतो आणि अर्धीच गोष्ट बघून तो उठतो. नावाच्या शेवटी 'पीटी१' आणि 'पीटी२' जोडलं तर प्लेक्स ते तुकडे एकापुढे एक चालवतो. पण दोन्ही तुकड्यांचं कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत), चित्राचा आकार, आवाजाचे ट्रॅक सारखे असावे लागतात, आणि ही सोय सगळ्या उपकरणांवर सारखी चालत नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: असे तुकडे कायमचे जोडून टाका. ज्या एपिसोडला डेटाबेस एक म्हणतो आणि बनवणाऱ्यानेही एकच बनवला, त्याची एकच फाइल असावी.

जोडायलाही एमकेव्हीटूलनिक्सच घ्या. पहिला तुकडा टाका, त्यावर उजवं क्लिक करून दुसरा 'अपेंड' करा. लक्षात ठेवा, 'ॲड' आणि 'अपेंड' वेगळे आहेत. 'ॲड' केलं तर दुसरा तुकडा पहिल्याच्या शेजारी आणखी एक ट्रॅक म्हणून बसतो, पुढे जोडला जात नाही. सबटायटलची वेगळी फाइल असेल तर तीही त्याच वेळी अपेंड करा, म्हणजे दुसऱ्या भागाच्या वेळा आपोआप पुढे सरकतात. जोडल्यावर शेवटची पाच मिनिटं आवाज आणि ओठ जुळतायत का ते बघा. सांध्याजवळ सगळं ठीक वाटलं तरी थोडा फरक शेवटी जाणवतो. कोडेक किंवा चित्राचा आकार वेगळा असेल तर साधन तक्रार करेल किंवा जोडलेली फाइल सांध्यावर अडखळेल. अशा वेळी एक तुकडा दुसऱ्यासारखा एन्कोड करून घ्यावा लागतो, आणि त्यापेक्षा त्या एपिसोडची चांगली प्रत शोधणं मला शहाणपणाचं वाटतं.

आता कार्टून. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात अकरा-अकरा मिनिटांच्या दोन गोष्टी, हा कार्टूनचा नेहमीचा साचा. डेटाबेस कधी प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र एपिसोड धरतो, कधी जोडीला मिळून एक. एकाच मालिकेबद्दल द टीव्हीडीबी आणि टीएमडीबी यांचं मत वेगळं असू शकतं. म्हणून आधी ठरवा की तुमची लायब्ररी कुठून माहिती घेते. जेलीफिनमध्ये टीएमडीबी अंगभूत आहे, टीव्हीडीबीसाठी प्लगइन बसवावा लागतो. प्लेक्समध्ये मालिकेच्या प्रगत सेटिंगमध्ये एपिसोडचा क्रम कुठल्या डेटाबेसचा घ्यायचा ते निवडता येतं. ज्या डेटाबेसची मोजणी तुमच्या फाइलींशी जुळते तो त्या मालिकेपुरता निवडला, तर शेकडो फाइलींची नावं बदलायचं काम वाचतं. मी कार्टूनसाठी आधी हेच बघतो.

मोजणी गोष्टीगणिक असेल तर पहिली फाइल एस०१ई०१-ई०२, दुसरी एस०१ई०३-ई०४ असं जातं. पण हा हिशोब डोळे झाकून शेवटपर्यंत नेऊ नका. मध्येच एखादा अर्ध्या तासाचा सलग विशेष एपिसोड येतो, किंवा एका फाइलमध्ये तीन छोट्या गोष्टी असतात, आणि तिथून पुढे सगळं पुन्हा सरकतं. प्रत्येक फाइलमध्ये पडद्यावर येणारी गोष्टींची नावं बघणं हाच खात्रीचा मार्ग आहे. त्याहून अवघड म्हणजे डिस्कवर जोड्या वेगळ्या लावलेल्या असणं: एका फाइलमध्ये पहिली आणि तिसरी गोष्ट, दुसरीत दुसरी आणि चौथी. वर सांगितलं तसं, 'एक ते तीन' लिहून इथे चालणार नाही. इथे मात्र मी नि:शंकपणे फाइली तोडतो. गोष्टींच्या मध्ये नावाची पाटी आणि काळा पडदा असतोच, त्यामुळे कापही स्वच्छ बसतो.

क्रमाबद्दल आणखी थोडं, कारण दोन तासांचे पायलट, म्हणजे मालिकेचे पहिले नमुना एपिसोड, इथेही अडचण करतात. २००२ सालची 'फायरफ्लाय' ही मालिका वाहिनीने उलटसुलट क्रमाने दाखवली. तिचा दोन तासांचा पायलट, ज्यापासून गोष्ट सुरू होते, डिसेंबरमध्ये सर्वात शेवटी दाखवला गेला. डीव्हीडीवर तो पहिला आहे. तुमच्या फाइली डीव्हीडीवरून आल्या असतील आणि सर्व्हर प्रक्षेपणाचा क्रम वापरत असेल, तर एकेक नाव बदलत बसू नका. प्लेक्समध्ये टीव्हीडीबीचा डीव्हीडी क्रम निवडा, जेलीफिनमध्ये मालिकेचा मेटाडेटा (नाव, सारांश वगैरे माहिती) संपादित करताना 'डिस्प्ले ऑर्डर'मध्ये तोच पर्याय आहे. मात्र एका मालिकेत एकच क्रम ठेवा. अर्धे सीझन प्रक्षेपणाच्या क्रमाने आणि अर्धे डीव्हीडीच्या, असं केलं की पुढे नवीन फाइल टाकताना कुठला क्रमांक द्यायचा ते सांगता येत नाही.

जुन्या 'डॉक्टर हू'सारख्या मालिकेत, १९६३ ते १९८९ मधली, एकेक कथा साधारण २५ मिनिटांच्या चार किंवा सहा एपिसोडांत पसरलेली असते. कुणाकडे संपूर्ण कथा जोडलेली एकच फाइल असते. तिलाही हाच न्याय: चार एपिसोडांची फाइल असेल तर पहिल्या क्रमांकापासून चौथ्यापर्यंतचा पल्ला नावात लिहा. इतक्या लांब फाइलमध्ये प्रत्येक एपिसोडच्या सुरुवातीला चॅप्टर नसेल तर शोधायला फार त्रास होतो, तेवढे टाकून घ्या.

काही पायलट डेटाबेसमध्ये पहिल्या सीझनमध्ये नसतातच, ते 'स्पेशल्स'मध्ये, म्हणजे सीझन शून्यमध्ये असतात. तुमची दीड तासाची फाइल दोन क्रमांक देऊनही बसत नसेल, तर तिथे बघा. तसं असेल तर फाइल 'सीझन ००' फोल्डरमध्ये जाईल आणि नाव एस००ई०१ किंवा डेटाबेसमध्ये असेल तो क्रमांक. एस०१ई०० असं स्वतःचं काही बनवू नका.

आणि डेटाबेस खरोखरच चुकला असेल, किंवा तुमची मालिका तिथे नसेलच, तर स्थानिक माहिती लिहायची सोय आहे. कोडी आणि जेलीफिन दोघेही व्हिडिओशेजारी त्याच नावाची एनएफओ फाइल, म्हणजे एपिसोडची माहिती लिहिलेली मजकुराची फाइल, वाचतात. कोडीसाठी दोन एपिसोडांची फाइल असेल तर एकाच एनएफओमध्ये एपिसोडच्या माहितीचे दोन स्वतंत्र ठोकळे एकाखाली एक लिहायचे. पण लोकप्रिय मालिकेसाठी मी हे शेवटी करतो, कारण आपण हाताने लिहिलेलं पुढे आपल्यालाच सांभाळावं लागतं. डेटाबेसमध्येच दुरुस्ती करता आली तर सगळ्यांचंच काम होतं.

नावं बदलायची भीती वाटत असेल, मूळ फाइली जशाच्या तशा ठेवायच्या असतील, तर हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलला दिलेलं दुसरं नाव, वापरा. लायब्ररीचं वेगळं फोल्डर करा आणि त्यात मूळ फाइलींच्या हार्डलिंक नव्या नावाने बनवा. जागा दुप्पट लागत नाही, मूळ नाव तसंच राहतं. दोन्ही फोल्डर एकाच फाइल सिस्टिमवर असायला हवेत. आणि नाव वेगळं असलं तरी आतला मजकूर एकच असतो, म्हणून फाइलच्या आतले टॅग किंवा चॅप्टर जागेवरच बदललेत तर ते मूळ फाइलमध्येही बदलतात.

तुमच्या लायब्ररीत घोळ आधीच झालेला आहे, तेव्हा नावं सुधारल्यावर नुसतं स्कॅन करून पूर्वीची चुकीची माहिती जाईलच असं नाही. मालिकेचा मेटाडेटा रिफ्रेश करा. तरीही जुनी नावं चिकटून राहिली तर प्लेक्समध्ये हा उपाय चालतो: मालिकेचं पूर्ण फोल्डर लायब्ररीबाहेर हलवा, लायब्ररी स्कॅन करा, ट्रॅश रिकामा करा, 'क्लीन बंडल्स' (न वापरलेली जुनी माहिती पुसणारा पर्याय) चालवा, मग फोल्डर परत आणून पुन्हा स्कॅन करा. हे करण्याआधी फोल्डरच्या नावात मालिकेचं साल टाका, आणि त्याच नावाच्या दोन मालिका असतील तर डेटाबेसचा क्रमांकही. प्लेक्समध्ये तो महिरपी कंसात लिहितात, जेलीफिनमध्ये चौकोनी कंसात. एका सीझनवर हे करून बघा, शेवटच्या फाइलचा क्रमांक जुळला की बाकीचे सीझन घ्या. तुमची दीड तासाची पहिली फाइल ज्या मालिकेची आहे, तिच्यापासूनच सुरुवात करा; तिथे बहुधा एका फाइलचं नाव आणि तिच्यापुढचे क्रमांक एवढंच बदलायचं आहे.